बेलभंडार उचललेला जमादार

दौलत, आज तुरुंगाचा व्यंकटराव दरोगा मारहाणीच्या आरोपातून सुटला. त्याचा वकील मी होतो. ज्याच्या खोट्या साक्षीनं तुला तुरुंगात घातलं आणि तुरुंगातून सरणावर, त्याच माणसासाठी मी पागोटं बांधून साहेबापुढं उभा राहिलो आणि जीव तोडून बोललो. तू असतास तर म्हणाला असतास, "बापू, लाज इकून खाल्ली काय बे?" नाही खाल्ली. जरा दम धर. दम धरायची तुला नको तेवढी सवय होती, तिनंच तुझा घात केला. आज एकदा माझ्यासाठी धर आणि शेवटपर्यंत ऐक.

तुला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. लोक अजून तुझ्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, "गेला बिच्चारा" म्हणतात आणि लगेच कापसाच्या पडलेल्या भावावर घसरतात. मेलेल्या माणसावर रागावू नये असंही कोणी कोणी मला सांगून गेलं. मी रागावणार. दरोग्यावर तर आहेच, त्याचं मी आज पाहून घेतलंच. पण तुझ्यावरही आहे, आणि तो राग काढायला दुसरी जागा नाही म्हणून इथं काढतो.

नांदगाव खंडेश्वराच्या पलीकडचं आपलं गाव. तुमच्या घरी पाटीलकी, आमच्या घरी पटवारीपण. आपले बाप एकमेकांशी धुऱ्याच्या बांधावरून, वसुलीवरून, कशावरूनही भांडत, आणि आपण दोघं त्यांचं भांडण ऐकू येणार नाही इतक्या लांब बेंबळेच्या डोहात पडलेले असू. पटकीच्या साथीत माझा बाप गेला तेव्हा आमचे भाऊबंद गाव सोडून पळाले होते. खांदा द्यायला माणूस नव्हता. तू आलास. कुणब्याच्या पोरानं बामणाच्या तिरडीला हात लावायचा नसतो, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. तू म्हणालास, "इटाळ झाला तं मंग काढू, आधी मानूस उचल." त्या दिवसापासून मी तुझा ऋणी आहे. हे तुला तोंडानं कधी सांगितलं नाही. तू हसला असतास.

पुढं मी उमरावतीला येऊन कायदा शिकलो, कचेरीत उभा राहायला लागलो. तू भावांच्या वाटणीला कंटाळून जुन्या सराईतल्या तुरुंगात लागलास आणि बघता बघता जमादार झालास. मला ते पटलं नव्हतं. अमेरिकेत कुठं तरी लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्याकडं चार बैल तो मिशीला पीळ देत होता. मी तुला म्हटलं, "असं शेत टाकून किल्ल्यांचा जुडगा काय वाजवत फिरतोस?" तू म्हणालास, "धुऱ्यावर भावाच्या उरावर बसून कापूस वेचण्यापरीस हे बरं. अन् कैदी सांभाळणं म्हंजे ढोरं सांभाळल्यासारखंच हाये, बापू. येळेवर चारापाणी केलं की कोनी मारकं होत नाई."

आणि तसा तू होतास. बैलाला टोचणी लावायचं तुझ्या जिवावर यायचं. तुझ्या हाताखालचे कैदी तुला "काका" म्हणत. म्हणून माघात गावात जेव्हा बोभाटा झाला, की दौलत जमादारानं बेडीतल्या कैद्याचा हात लाठीनं मोडला, तेव्हा मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं. मग तुला भेटायला आलो. तू कोठडीत घोंगडी पांघरून बसला होतास. मी विचारलं, "मारलंस?"

"मारलं."

"काहून?"

"मारलं हे खरं हाये. बाकी मले इचारू नको."

मी तुला किती परीनं समजावलं, आठव. नवा फौजदारी कायदा आलाय, त्यात स्वतःचा जीव वाचवायला माणसानं हात उचलला तर तो गुन्हा नाही. साहेबलोकांनीच लिहिलेलं आहे. तू फक्त सांग, तो कैदी राघो तुझ्यावर काय घेऊन आला, कुठं आला, कसा आला. बाकीचं मी पाहतो. तू नुसता माझ्याकडं पाहत होतास. डावा हात बरगडीला घट्ट धरलेला. मी विचारलं तर म्हणालास, "गारठा हाये." मग थोड्या वेळानं, "तू बोलजो ना काई तरी. वकील हायेस, तुले बोलाले काय लागते?"

काय लागते? गड्या, हकिकत लागते. वकील काही हवेतून गाठोडं काढून दाखवत नाही.

खटला उभा राहिला. राघो हात गळ्यात बांधून आला. त्यानं सांगितलं, मी बराकीत बसलो होतो, पायात बेडी होती, जमादार तापून आला आणि मारायला लागला. मग व्यंकटराव दरोगा. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. ईश्वराला स्मरून खरं सांगीन म्हणाला आणि एकामागून एक खोटं सांगत गेला. ओरडा ऐकून मी बराकीत धावलो, बेडीतल्या माणसावर जमादाराची लाठी चालू होती, मी मध्ये पडलो म्हणून कैदी वाचला. दौलत कामाला चांगला, पण स्वभावानं तापट. तापट. तू! माझ्या तोंडावर शिवी आली होती, ती गिळून मी उठलो.

मी जीव वाचवण्याचा हक्क मांडला. कायद्याचं कलम वाचून दाखवलं. माझा अशील असा नव्हेच, हे घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. साहेबानं सगळं शांतपणे ऐकलं आणि शिरस्तेदाराकरवी एवढंच विचारलं, की ज्याच्या पायात बेडी आणि हात रिकामे, त्याच्यापासून जमादाराला कसला धोका होता? मी तुझ्याकडं वळलो. भर कचेरीत वळलो. तू मान खाली घातलीस.

साहेबानं सक्तमजुरी ठोकली. ज्या तुरुंगाच्या किल्ल्या तुझ्या कमरेला होत्या तिथं तुला ठेवता येत नव्हतं, म्हणून अकोल्याला पाठवलं. बंडीत बसताना तू मला म्हणालास, "तू लय चांगला बोलला रे. मले तं अर्धं समजलंच नाई." अशा वेळेला हे बोलणं सुचणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

अकोल्याला मी तुला भेटायला आलो तेव्हा तुला ताप होता. अंगाला घाण वास येत होता. तुरुंगाचा डॉक्टर म्हणाला, काखेत गळू झालंय, फुटलं की उतरेल. मी मात्र माझंच घोडं दामटलं. म्हटलं, तू मला आंधळा करून लढाईला उभं केलंस. आपल्या वकिलाला अंधारात ठेवणारा माणूस वैऱ्यापेक्षा वाईट. तू हसलास, ओठ फुटलेले होते तरी हसलास. "अंधारात ठेवलं असंन बापू, पण तुह्यासंग खोटं तं नाई ना बोललो." त्यावर मी काही बोललो, तू काही बोललास, आवाज चढले, शिपाई आला. ते भांडण तिथंच राहिलं. मला ते संपवायचं होतं. तुला हरवायचं होतं. तू मेलास आणि भांडण अर्धं टाकून गेलास, ही तुझी जुनी खोड. डोहात पोहण्याची पैज लागली की तू हरायच्या आधीच काठावर येऊन धोतर पिळत बसायचास.

चैत्रात निरोप आला. गिरजावहिनींना बंडीत घालून मी अकोल्याला पोचलो तोवर तुला बाहेर ओट्यावर आणून ठेवलं होतं. तुझ्या भावांकडं मी आधीच माणूस धाडला होता. थोरल्यानं उलट निरोप दिला: तुरुंगात मेलेला माणूस गावात आणू नका, घराण्याला बट्टा नको. म्हणून तुला मोर्णेच्या काठी नेलं. अंगावर पाणी घालताना काखेखालचं ते भोक मी पाहिलं. बोटाएवढं, कडा काळ्या पडलेल्या. डॉक्टर गळू म्हणाला होता, मीही गळूच समजलो. तुला पोरगा नाही आणि भाऊ आले नाहीत, तेव्हा अग्नी मी दिला. तिथला भटजी कुरकुरायला लागला. मी त्याच्याकडं असं पाहिलं की पुढचे मंत्र त्यानं न थांबता म्हटले.

चिता खाली बसत आली तेव्हा वहिनी जवळ येऊन म्हणाल्या, "भाऊजी, आता सांगू काय?"

"काय सांगायचं, वहिनी?"

"ते गळू नोतं. दाभण खुपसला होता त्याइले."

पोतं शिवायचा दाभण. मला क्षणभर काही उमगलंच नाही, तुरुंगात दाभण कुठून येणार? मग त्यांनी सगळं सांगितलं. राखेकडं पाहत, एका सुरात.

कापूस इतका आला होता आणि मजूर कुठं मिळत नव्हते. अर्धे आगगाडीच्या रुळांच्या कामावर, अर्धे ज्याच्या त्याच्या शेतात. बाजारातल्या एका शेटनं व्यंकटराव दरोग्याशी संधान बांधलं. दुपारी कैदी मागच्या दारानं शेटच्या आवारात जायचे आणि कापसाचे बोरे भरून द्यायचे. खांबांना भला मोठा बोरा टांगायचा, आत माणूस उतरवायचा, वरून कापूस टाकत जायचं आणि त्यानं तो पायानं तुडवत जायचं. बेडी घालून कापूस तुडवता येत नाही, बोरा फाटतो. म्हणून दरोग्याच्या हुकमानं बेड्या काढल्या जात. तू नाही म्हणालास, तर तो म्हणाला होता, हे सरकारचंच काम समज. तू जात होतास, कारण दुसरा कोणी गेला तर कैद्यांना पाणी पाजायलाही थांबणार नाही असं तुला वाटत होतं. हेही वहिनींनीच सांगितलं.

त्या दिवशी राघोनं बोऱ्याचं तोंड शिवता शिवता फाटकाकडं धाव घेतली. तू आडवा आलास. त्यानं हातातला दाभण तुझ्या काखेखाली खुपसला आणि उपसून परत हात उगारला. तेव्हा तू लाठी मारलीस. हेच सगळं. याहून स्वच्छ स्वसंरक्षणाचा खटला वऱ्हाडात कोणत्या वकिलाला मिळाला नसेल, आणि तो मला मिळाला असून माझ्या हाती नव्हता.

कारण त्याच संध्याकाळी दरोग्यानं तुला घरी बोलावलं. देवापुढं उभं केलं. म्हणाला, साहेबाला कळलं तर तुझी-माझीच नाही, सगळ्या शिपायांची भाकर जाईल, पोरंबाळं उघड्यावर येतील. कुठं बोलणार नाहीस म्हणून बेलभंडार उचल, मी तुला संभाळून घेतो. आणि तू देवापुढची बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा ओंजळीत घेऊन शब्द दिलास. घरी आलास, वहिनींकडून जखमेत हळद भरून घेतलीस आणि त्यांनाही गळ्याची शपथ घातलीस. पुढं कैद्याचा हात डॉक्टरनं पाहिला, साहेबापर्यंत गेलं, आणि संभाळून घेणाऱ्यानं तुलाच पुढं ढकललं. राघोलाही त्यानंच पढवलं होतं, शेटच्या आवाराचं बोललास तर पळून जायचा गुन्हा वर लागेल म्हणून.

मी वहिनींवर ओरडलो. स्मशानात, जळत्या चितेसमोर ओरडलो. म्हटलं, "सकाळी सांगितलं असतं तर मी ते भोक साहेबाला दाखवलं असतं. डॉक्टर आणला असता. आता काय दाखवू, राख?"

त्या म्हणाल्या, "अंग होतं तोवर त्याइचा शब्द होता, भाऊजी. मी कशी मोडू?"

दौलत, पुरावा मी माझ्या हातानं पेटवला, आणि तुझी बायको तो पूर्ण जळेस्तोवर थांबली. तुम्ही दोघं एका मातीचे. मी वहिनींना म्हटलं, चोरापुढं उचललेला बेलभंडार कसला बांधतो? त्यांनी तुझंच उत्तर दिलं, तुझ्याच शब्दांत: "चोरापुढं नाई उचलला, देवापुढं उचलला." पण मला ते आजही मान्य नाही. ज्यानं शब्द घेतला त्यानंच तो आधी मोडला, तेव्हाच तू मोकळा झाला होतास. कोणताही देव हे मान्य करील. तू वर विचारून पाहा आणि मला खोटं पाड.

परत येताना बंडीत वहिनी झोपल्या होत्या की नाही, माहीत नाही. मी बडनेऱ्यापर्यंत एकच विचार करत होतो, की व्यंकटरावाला कसा मारू. खोटं नाही सांगत. कायदा शिकलेला माणूस, पण विषापासून विहिरीपर्यंत सगळं मनात येऊन गेलं. वहिनींना अंजनगावला माहेरी सोडलं. तिथंही शेजारणी त्यांच्या लेकीला "कैद्याची पोर" म्हणायला लागल्याच होत्या. साहेबाकडं जावं तर हातात काय? बायकोची साक्ष आणि जळालेलं अंग. शेट बोलणार नाही, हमाल शेटच्या भाकरीवर.

आणि मग, गड्या, अमेरिकेतली ती लढाई थांबली. भाव असा कोसळला की सकाळी मिशी पिळणारे संध्याकाळी तोंड लपवून फिरायला लागले. शेट मिळेल ते विकून मुंबईकडं पळाला. पण जाण्याआधी उरलेला माल घाईघाईनं बांधायला त्यानं दरोग्याला गळ घातली होती, आणि तू नव्हतास म्हणून दरोगा स्वतः कैदी घेऊन गेला. तुझ्यासारखं सावलीत बसवणं नाही, पाणी नाही. वैशाखातलं ऊन. एक कैदी बोऱ्यातून वर आला तो दाभण घेऊनच. दरोग्यानं त्याचं डोकं फोडलं.

या खेपेला झाकायला शेट नव्हता. हमालांनी गावभर केलं. कैदी बेशुद्ध, मेला तर फाशी नाही तर काळं पाणी. आणि नव्या कायद्यातलं ते कलम इथं कोणता वकील मांडतो, हे व्यंकटरावाला चांगलंच माहीत होतं. त्यानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

तो माझ्या ओसरीवर आला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पहिलं वाक्य काय बोलला सांगू? "दौलतचं लय वाईट झालं, वकीलसाहेब. माह्या हाताखालचा मानूस होता." मी त्याला गूळपाणी दिलं. तुझ्या खुन्याला मी गूळपाणी दिलं आणि तो प्यायला. त्याला वाटत होतं मला काही माहीत नाही. तुझ्यासारख्या माणसाचा बेलभंडार म्हणजे पक्कं कुलूप, याची त्याला खात्री होती.

मग त्यानं स्वतःच सगळं सांगितलं. बेड्या काढल्या होत्या, आवार शेटचं होतं, दाभण अंगावर आला. मी म्हटलं, "हे साहेबाला जसंच्या तसं सांगाल तर मारहाणीतून सुटाल. जीव वाचवायला हात उचललात, कायदा तुमच्या बाजूचा आहे."

"पन ते सांगतलं तं नोकरी जाईन ना."

"नाही सांगितलं तर मान जाईल. बेडीतल्या माणसाचं डोकं फोडलं म्हणून. काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा."

त्यानं मांडीवरच्या पागोट्याची घडी चाचपली. मग म्हणाला, "अन् दौलतच्या येळचं इचारलं तं?"

"विचारलं तर अडखळू नका. तिथं अडखळलात की बाकीचंही साहेबाला खोटं वाटेल."

यात मी काय खोटं सांगितलं? एक अक्षर नाही. वकिलानं अशिलाला द्यावा तसा अगदी चोख सल्ला दिला. त्यानं मान निवडली. सगळेच निवडतात. तू सोडून.

मी हमालांकडं स्वतः गेलो, त्यांना साक्षीला आणलं. वहिनींना अंजनगावाहून बोलावून घेतलं. त्या कचेरीच्या ओसरीवर पदर ओढून बसल्या. साहेब तोच. शिरस्तेदार तोच. दरोगा आरोपीच्या जागी, तू उभा होतास तिथंच. साहेबानं विचारलं, कैद्याच्या पायात बेडी होती? नव्हती. कोणी काढली? माझ्या हुकमानं. जागा कोणती? शेटचं आवार. हमालांनी हेच सांगितलं. साहेबाचा चेहरा उतरत चालला होता. मग मी उठून विनंती केली, की हे एकदाच घडलं की रोजचा रिवाज होता, हेही साहेबांनी विचारावं. रिवाज असेल तर माझ्या अशिलाच्या हकिकतीला जोर येतो.

साहेबानं विचारलं. दरोगा म्हणाला, "रोजचं होतं."

"दौलत जमादाराच्या वेळीही?"

दरोग्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, बोला म्हणून.

"होय," तो म्हणाला. "राघोची बेडी काढेल होती. त्यानं आवारातच दाभण मारला. जमादारानं मंग लाठी उचलली."

दौलत, तुझा खटला मी त्या क्षणी जिंकलो. तुझ्या वैऱ्याच्या तोंडून.

साहेबानं आधी दरोग्याला मारहाणीतून मोकळं केलं. कलम तेच, जे माघात माझ्या हातात पोकळ झालं होतं. मग तुझ्या खटल्यातली दरोग्याची जबानी काढायला लावली आणि ती शिरस्तेदाराकडून मोठ्यानं वाचून घेतली, बराक, बेडी, तापट स्वभाव, सगळं. विचारलं, यातलं खरं कोणतं? दरोगा परत माझ्याकडं वळला. मी पागोटं सारखं केलं आणि खाली बसलो.

खोटी साक्ष आणि सरकारी कैदी परस्पर कामाला लावणं, दोन्हींबद्दल तिथल्या तिथं त्याला धरलं. तुझा निकाल फिरवायला वर लिहितो, असं साहेबानं सांगितलं. मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवायला कागद वर जाणार आणि खाली येणार. येऊ दे. तुझ्या लेकीसाठी तो हवाच. मग साहेब म्हणाला, वकिलाला काही म्हणायचंय? मी उठलो. म्हटलं, माझा अशील इथं दरोगा होता, इथल्या कैद्यांमध्ये त्याच्या जिवाला धोका आहे. कृपा करून त्याला अकोल्याला पाठवावं. साहेबाला ते रास्त वाटलं. दरोग्यानं मला हात जोडले.

बाहेर तुझा थोरला भाऊ उभा होता. बातमी त्याच्याआधी पोचली होती की तो बातमीच्या आधी, देव जाणे. बैलांना झुली घातलेली. वहिनींना म्हणाला, "चला, गावाले. घर तुमचंच हाये. दौलतचं कार्य थाटात करू." वहिनी म्हणाल्या, "ज्याले बट्टा लागत होता त्याच्या दारी मी कशाले येऊ, दादाजी? गाडी रिकामी नेजा." एवढंच.

तेवढ्यात दरोग्याला बाहेर आणलं. पायात बेडी घातलेली, चालायची सवय नाही, पायरीवर अडखळला. वहिनी उठून त्याच्या वाटेत गेल्या. मला वाटलं थुंकतील, शिव्या देतील. मी आवरायला गेलोही नाही. त्यांनी पदर नीट केला आणि अगदी सासरच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "दरोगासाहेब, अकोल्याले नेऊन राहिले ना तुमाले?"

तो बेडीची साखळी सावरत थांबला.

"तिथं आत गेल्यावर डाव्या हाताले शेवटची कोठडी हाये. खिडकी नाई तिले. हे तिथंच गेले. शिपायाले इचारजा, तो दाखवीन."

दरोग्यानं माझ्याकडं पाहिलं. "वकीलसाहेब," म्हणाला, "तुमी माहे वकील ना? तिथं नका टाकू देऊ मले. माही तब्येत नाई." मी म्हटलं, पाहतो. आणि पाहिलं. अकोल्याच्या जेलरला मी ओळखतो. तुझ्या वेळी त्याच्या फार विनवण्या केल्या होत्या, जरा हवेशीर जागा द्या म्हणून. त्यानं तेव्हा सांगितलं होतं की जागा वकिलाच्या सांगण्यावरून ठरत नाही. आज मात्र दरोग्याला तीच शेवटची कोठडी द्या, तुमच्याकडून एवढं एकच मागतो असं कळवलंय, आणि या खेपेला तो ऐकेल असं वाटतं.

तुला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. तू असतास तर किल्ली घेऊन आत गेला असतास, त्याला पाणी पाजलं असतंस, बेडीखाली चिंधी गुंडाळून दिली असतीस आणि वर मला म्हणाला असतास, "जाऊ दे ना बापू, मानूस हाये तो बी." होता तुझा तो स्वभाव. वहिनींचा नाही, माझा तर नाहीच. म्हणून बरं झालं, दौलत, की हा कैदी तुझ्या नाही, आमच्या हाती लागला.